विश्लेषण : लेमूरच्या मनगटात ‘अत्तराचा कारखाना’? पेशींची रचना काय सांगते?

मादागास्कर बेटावरील पट्टेरी शेपटीच्या लेमूरचे नर मनगटावर शेपटी घासतात आणि ती प्रतिस्पर्ध्यासमोर हलवतात. शास्त्रज्ञ याला ‘दुर्गंधी-युद्ध’ म्हणतात. या युद्धाचा दारूगोळा तयार होतो त्वचेखालच्या पेशींमध्ये.

ग्रंथी कुठे असतात?

नराच्या दोन्ही मनगटांच्या आतील बाजूस एक ग्रंथी असते. तिच्याजवळ नखासारखा कठीण काटा असतो. त्याने झाडाच्या सालीवर ओरखडे काढून नर तिथे वास सोडतो. दुसरी ग्रंथी खांद्याजवळ, काखेच्या बाजूला असते.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

मनगटातील ग्रंथी म्हणजे वेटोळ्या नलिकांचा दाट पुंजका. आपल्या काखेतील गंधयुक्त घामाच्या ग्रंथींशी तिचे साम्य आहे. नलिकेच्या आतील पेशी पातळ स्राव तयार करतात. त्यांच्याभोवतीच्या, स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या पेशी तो बाहेर ढकलतात. खांद्याची ग्रंथी मात्र तैलग्रंथी आहे. तिच्या पेशी मेदाने भरतात आणि शेवटी स्वतःच फुटतात. पेशीच स्राव होते. म्हणून तो स्राव टूथपेस्टसारखा घट्ट आणि तपकिरी असतो.

दोन प्रकार कशासाठी?

मनगटाचा गंध लवकर उडून जातो. म्हणून नर मनगट खांद्यावर घासून दोन्ही स्राव मिसळतो. खांद्याच्या स्रावातील स्क्वालीन हा तेलकट घटक गंध धरून ठेवतो, असे संशोधक मानतात. अत्तरात चंदनाचे तेल हेच काम करते.

गंध बदलतो का?

होय. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की विणीच्या हंगामात नराच्या मनगटाचा स्राव फळाफुलांसारखा गोडसर होतो आणि माद्या तो अधिक वेळ हुंगतात. या बदलाचा संबंध टेस्टोस्टेरॉनशी आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासानुसार जखमी लेमूरचा गंधही बदलतो. थोडक्यात, हा गंध म्हणजे प्राण्याच्या प्रकृतीचा अहवालच.

हे महत्त्वाचे का?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०२०च्या नोंदीनुसार लेमूरच्या १०७ पैकी १०३ प्रजाती धोक्यात आहेत. जंगलतोड आणि शिकार ही त्याची मुख्य कारणे. झाडच उरले नाही, तर वासाची खूण ठेवायची कुठे आणि ती वाचायची कोणी?