वाळवी दिसते सारखी, पण असते वेगवेगळी



टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पडद्यावर जांभळट उजेड दिसतो. हाच अवरक्त प्रकाश, म्हणजे इन्फ्रारेड. अशाच प्रकाशाने आता वाळवीची जात ओळखता येते.

*जात ओळखून आपला काय फायदा?*
उसाचं बेणं असो, गहू असो की भुईमूग, वाळवी लागली की आपण दुकानात जाऊन "उधईचं औषध द्या" म्हणतो. पण भारतात वाळवीच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि पिकाचं नुकसान करणाऱ्या त्यातल्या थोड्याच. बाकीच्या वाळलेला पाला-काडी खातात, जमीन भुसभुशीत करतात.

शेतात त्रास देणारे दोन मुख्य गट:
🔸 *ओडोंटोटर्मिस* – यातल्या काही जाती बांधावर उंच वारूळ करतात. राणी आत खोलवर असते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती यांच्याच बुरशीच्या बागेतून.
🔸 *मायक्रोटर्मिस* – आकाराने बारीक, वर वारूळ नाही. जमिनीत छोटे छोटे कप्पे करून राहते, मुळातून शिरून झाड पोकळ करते.

पहिलीसाठी वारुळावर उपाय करता येतो. दुसरीसाठी बांधावरचं वारूळ कितीही खोदा, पीक वाळायचं थांबत नाही. तिथे बीजप्रक्रिया, बेणेप्रक्रियाच कामाची. जात चुकली की औषधाचा पैसा गेला आणि पीकही गेलं.

*इन्फ्रारेड काय करतं?*
कामकरी वाळवी बघून जात सांगणं तज्ज्ञालाही अवघड जातं. त्यासाठी मोठ्या डोक्याचा, जबड्याचा शिपाई लागतो आणि शिपाई थोडेच असतात. पण प्रत्येक वाळवीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. अंग सुकू नये म्हणून तो असतो आणि त्याच वासावरून त्या आपला-परका ओळखतात. या मेणाचं मिश्रण जातीनुसार बदलतं. अवरक्त प्रकाश टाकला की त्यातला काही भाग अंगात शोषला जातो, उरलेला परत येतो. परत आलेला प्रकाश यंत्र मोजतं आणि जात सांगतं. २००७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस इथल्या शास्त्रज्ञांनी ओल्या लाकडातल्या वाळवीच्या जाती आणि उपजाती अशाच वेगळ्या करून दाखवल्या.

पण एक लक्षात घ्या. हे यंत्र आधी शिकवावं लागतं. ओळख पक्की असलेले नमुने दाखवल्याशिवाय ते जात सांगत नाही. म्हणून आज आपल्या हातात आहे ते म्हणजे नीट नमुना घेणं.

*आता काय करायचं?*
१) औषध घेण्याआधी वाळलेलं झाड मुळासकट उपटून बघा. आत वाळवी आहे का, की मूळकूज किंवा हुमणी?
२) १०–१५ किडे बारीक ब्रशने उचला. त्यात शिपाई हवेतच. स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. गाव, पीक, तारीख पेन्सिलने कागदावर लिहून आत ठेवा.
३) बाटली अंबाजोगाई किंवा खामगाव (ता. गेवराई) इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.
४) कच्चं शेणखत टाकू नका, वाळवी त्यावर येते. चांगलं कुजलेलंच वापरा.
५) खंड पडला, जमीन तडकली की वाळवी ओल्या मुळांकडे वळते. पाणी असेल तर एक हलकं पाणी द्या.
६) मोठ्या सीताफळाच्या खोडावर मातीचा थर दिसला तर खरवडून बघा. नुसती वरची मेलेली साल खाल्ली असेल तर घाबरून फवारणी करू नका.
७) औषध लागलंच तर लेबलवर त्या पिकाचं नाव आणि मात्रा बघूनच घ्या.

आधी ओळख, मग औषध. हा मेसेज शेजारच्या शेतकऱ्यालाही पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. बीड