फाटक उघडले, येणे राहिले



आपल्या भागातील किती घरांत भोसरी-चाकणचा पगार येतो, याची मोजदाद आम्ही कधी केली नव्हती. २०२० च्या एप्रिलात गावोगाव बांधावर बसलेली पोरे पाहिली, तेव्हा ती आपोआप झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. लेथ थांबले, प्रेस थांबले, कंपन्यांच्या बसगाड्या दिसेनाशा झाल्या. पोरांनी आपली उसाची दारी धरली.

या वसाहती वसवल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे आपल्या तोंडच्या एमआयडीसीने. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाचे नेहमीचे काम जमीन घेणे, प्लॉट पाडणे, रस्ता-पाणी देणे. साथीत त्याच्याकडे निराळेच काम आले, ते म्हणजे बंद कारखान्यांना सुरू होण्याचा परवाना देणे. २० एप्रिलपासून सवलत मिळाली. अर्ज संगणकावरून करायचा. कामगारांना आवारात किंवा जवळपास ठेवू, ने-आण आपल्या गाडीने करू, असे लिहून द्यायचे. कचेरीचे हेलपाटे वाचले, हे मानायलाच हवे. पण दुसऱ्याच दिवशी शासनाने मुंबई व पुणे महानगर प्रदेशाची सवलत काढून घेतली. रुग्ण वाढत होते, शासन तरी काय करणार? इकडची चाके हलली ती मे महिन्यात, तीही टप्प्याटप्प्याने. कारखान्यांच्या फाटकावर हातावर सॅनिटायझर आले. राज्यातील अनेक साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या तेव्हा तेच बनवीत होत्या, म्हणजे आपलीच मळी तिथवर पोचली म्हणायची!

परप्रांतीय कामगार तोवर गावी निघून गेले होते. स्थानिक तरुणांची नावे उद्योगांपर्यंत जावीत म्हणून शासनाने ६ जुलै २०२० रोजी ‘महाजॉब्स’ची नोंदणी सुरू केली.

आता पैशाचे. वीज नियामक आयोगाने उद्योगांचा स्थिर आकार तीन महिने पुढे ढकलला. ढकलला, माफ केला नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेर मुदत दिली, पण व्याज चालूच होते. (दोन कोटींपर्यंतच्या कर्जावरचे व्याजावरील व्याज केंद्राने नंतर भरून दिले.) केंद्राच्या हमीवर थकित कर्जाच्या २० टक्के नवे कर्ज तारणाशिवाय मिळू लागले. वर्कशॉप उभे राहायला त्याचा उपयोग झाला, पण तेही कर्जच. राज्याने जूनमध्ये जाहीर केलेला ‘महापरवाना’ ५० कोटींवरच्या नव्या गुंतवणुकीसाठी होता. दोन लेथ आणि पाच कामगारांच्या शेडला त्याचे काय?

त्या शेडचे खरे दुखणे येण्याचे. मोठ्या कंपनीला माल दिला, बिल अडकले. आपल्या उसाला कायद्याने चौदा दिवस आहेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. लघुउद्योगालाही २००६ चा कायदा आहे: जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. कागदावर आपल्यापेक्षा कडक! पण आपला ऊस थकला तर शेकडो सभासद एकत्र येतात, साखर आयुक्तांपर्यंत जातात. वर्कशॉपवाला एकटा, आणि पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून यायची. तो व्याज मागतच नाही. चार महिन्यांनी मुद्दल आले तरी पेढे वाटील. परवाना द्यायला महामंडळ धावले. ही वसुली करून द्यायला साथीत कुणी फाटकावर उभे राहिले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या सभासदांच्या मुलांची अशी वर्कशॉप आहेत, त्यांनी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी, आणि माल पोचल्याची तारीख व सही असलेले चलन जपून ठेवावे. लघुउद्योगांच्या येण्यासाठी राज्याची सुविधा परिषद आहे. तिथे दाद मागायची तर ही कागदपत्रे हाताशी लागतात.