बॅटरी उतरलेले विमान

"मामा, आज विमानाची बॅटरी उतरली. पंखा हातानं फिरवून चालू करता आलं असतं, पण सरांनी हात लावू दिला नाही!" भाच्याचा फोन तक्रारीनेच सुरू झाला. तो वैमानिक होण्याचे शिक्षण घेतो आहे. मी तेव्हा बहिणीकडे होतो. शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या, धारवाडकडच्या. त्या तिथूनच ओरडल्या, "कै हच्चब्याड!"

मी इतिहासाचा प्राध्यापक. यंत्राशी संबंध स्कूटरपुरता. बॅटरीशिवाय विमान चालू होते हेच मला नवल. मग त्याने मला शिकवले.

या छोट्या विमानांच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. तिथे मॅग्नेटो असतो. इंजिनाबरोबर त्यातले लोहचुंबक फिरते, वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. आपली ल्युना बॅटरीवाचून चालायची ती अशीच. विमानात मॅग्नेटो दोन आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन, म्हणजे एक दगा देईल तर दुसरा आहे. बॅटरी हवी ती इंजिनाला पहिले फेरे देणाऱ्या स्टार्टरला. हाताने पंखा हळू फिरतो, त्यासाठी मॅग्नेटोला एक स्प्रिंग जोडलेली असते. ती ताणली जाते आणि 'टक्' करून चुंबकाला झटका देते.

एके काळी हीच रीत होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात घडलेले 'पुष्पक' हे दोन आसनी विमान 1958 साली प्रथम उडाले. त्याला स्टार्टर नव्हता, पंखा हातानेच फिरवायचा. फ्लाइंग क्लबांतून कितीतरी जण त्यावर शिकले. त्या काळी कारखान्यातील विमानरचनेची धुरा वाहणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपूचे. जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून आलेला हा माणूस आपल्या मुलांना ठाऊक नसतो, याची मला खंत वाटते.

मग सरांनी का अडवले? जीपला हँडल मारताना वडीलधारे सांगत, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, इंजिन उलटले तर मनगट जाईल. विमानात हँडल नाही, खुद्द पंखाच हातात. बोटे पात्यावर सपाट ठेवायची, कडेला आवळायची नाहीत. पाते खाली ओढता ओढताच पाऊल मागे घ्यायचे. सैल कपडे नकोत, पायाखाली ओल वा खडी नको. चाकांना अडण्या हव्यात, शेपूट बांधलेले हवे आणि आत ब्रेक दाबून जाणता वैमानिक बसलेला हवा. एकट्याने चालू केलेली विमाने रिकामीच धावत सुटल्याच्या हकिगती या धंद्यात जुन्या आहेत.

दुसरा धोका दिसत नाही. किल्ली बंद केली की मॅग्नेटोची वीज एका तारेने इंजिनाच्या अंगात उतरवली जाते, म्हणून ठिणगी पडत नाही. ती तारच तुटली तर? किल्ली बंद, तरी मॅग्नेटो जिवंत! पंखा सहज हलवला तरी इंजिन पेटू शकते. त्यामुळे उभ्या विमानाच्या पंख्यालाही कोणी टेकून राहू नये.

आणि समजा, झाले चालू. पुढे काय? आजच्या बहुतेक विमानांत अल्टरनेटर असतो. त्याला वीज करू लागण्यासाठी आधी बॅटरीची थोडी वीज लागते. बॅटरी पार मेली असेल तर इंजिन धडधडत राहील, पण बॅटरी भरणार नाही. रेडिओ मुका, दिवे बंद. पुष्कळ विमानांत फ्लॅपही विजेवरच. शिवाय बॅटरी उतरली कशाने, हा प्रश्न उरतोच. रात्री कोणी स्विच चालू ठेवला, की आत काही बिघडले? ते न पाहता आकाशात जायचे? सर हेच म्हणाले होते. भाच्याने ते मला सर्वांत शेवटी सांगितले, जरा हळू आवाजात.

चूक स्विचचीच निघाली. बॅटरी काढून भरली, तपासली, आणि तिसऱ्या दिवशी तो उडून आला. सासूबाईंनी मात्र त्या मास्तरांसाठी गोकाकचा करदंट आणवून ठेवला आहे. सुटीला आल्यावर भाच्याने तो न्यायचा आहे, वाटेत डबा न उघडता.