वरच्या गटात जाणाऱ्या महाविद्यालयीन फुटबॉल संघाचे भवितव्य : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने एखाद्या वर्षी चांगली कामगिरी केली म्हणजे पुढील वर्षी तो आणखी एक पायरी वर जाईल, अशी अपेक्षा साहजिकच निर्माण होते. जिमखान्याच्या वार्षिक अहवालात ती नमूद होते, पारितोषिक-वितरणाच्या समारंभात ती बोलून दाखविली जाते आणि पुढील वर्षी ती बहुधा फलद्रूप होत नाही. मग अपयशाचे खापर खेळाडूंच्या शिस्तीवर, शारीरिक शिक्षण संचालकांच्या उदासीनतेवर किंवा निव्वळ दैवावर फोडले जाते. ह्या निर्णयाचे परिणाम केवळ मानापमानापुरते मर्यादित राहत नाहीत. 'ह्या खेळात आपल्या मुलांना गती नाही' असा एकदा समज झाला की मैदानासाठी आणि प्रवासासाठी ठेवलेली रक्कम दुसरीकडे वळते, आणि त्यानंतर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला खेळावयाची संधीच उरत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज तपासून पाहण्याचा आहे. वरच्या गटात गेलेला महाविद्यालयीन संघ तेथे टिकत नाही, ह्याची कारणे पुष्कळ अंशी संघाच्या गुणावगुणांत नसून विद्यार्थिसंघाच्या घडणीतच असतात. आणि ती ओळखता आली, तर भवितव्याचा अंदाजही अधिक न्याय्य रीतीने करता येईल, असे आम्हांस वाटते.

२. यश आणि योगायोग

प्रथम खेळाच्या स्वरूपाचा विचार करू. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, आणि जेथे गुणसंख्या थोडी तेथे योगायोगाला वाव मोठा. मायकेल माहेर ह्यांनी १९८२ साली इंग्लंडमधील लीग-सामन्यांच्या गोलसंख्येस प्वासाँचे वितरण लावून दाखविले, आणि त्यानंतर ही रीत संख्याशास्त्रज्ञांत रूढ झाली. तिचा उपयोग करून एक लहानसे गणित मांडता येते.

समजा, 'अ' हा संघ 'ब' ह्या संघाविरुद्ध सरासरीने दीड गोल करतो आणि 'ब' एकच करतो. म्हणजे 'अ' हा गोल करण्याच्या बाबतीत दीडपट सरस आहे. एवढे असूनही एका सामन्यात 'अ' जिंकण्याची संभाव्यता सुमारे ४९ टक्के, सामना बरोबरीत सुटण्याची २६ टक्के आणि 'ब' जिंकण्याची २५ टक्के येते. बाद पद्धतीत बरोबरीचा निकाल पेनल्टी किक्सवर लावतात. तेथे दोघांनाही समान संधी आहे असे धरले, तर 'अ' पुढील फेरीत जाण्याची संभाव्यता सुमारे ६२ टक्के होते. अशा चार फेऱ्या लागोपाठ पार करावयाच्या असतील, तर ती १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. सारांश, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याहून दीडपट सरस असलेला संघदेखील अशी स्पर्धा सात वर्षांतून सुमारे एकदाच जिंकेल.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एका पराभवावरून संघ दुर्बळ ठरत नाही. तद्वतच एका विजेतेपदावरून तो बलवान ठरत नाही. ज्या वर्षी संघ वर चढला, त्या वर्षी त्याच्या गुणांस दैवाचीही साथ मिळाली असण्याचा संभव अधिक. गॉल्टन ह्यांनी १८८६ साली आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना जी मध्यमानाकडे परतण्याची प्रवृत्ती निदर्शनास आणली, तीच येथेही काम करते. पुढील वर्षीची घसरण ही अशा वेळी ऱ्हासाची खूण नसून नेहमीच्या पातळीवर परत येणे असते.

३. चढणारा संघ आणि टिकणारा संघ

वरील कारण सर्वच संघांना लागू पडते. महाविद्यालयीन संघापुढे ह्याखेरीज एक अडचण असते आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होय. वरच्या गटात जाण्याचा अधिकार ह्या वर्षीचा संघ मिळवितो. परंतु त्या गटात खेळावयाचे असते ते पुढील वर्षीच्या संघाने, आणि हे दोन संघ एक नसतात.

पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा धरला आणि संघात तिन्ही वर्गांचे विद्यार्थी सारखे आहेत असे मानले, तर दरवर्षी एक-तृतीयांश खेळाडू बाहेर पडतात. प्रत्यक्षात हे प्रमाण याहून प्रतिकूल असते. शरीराने भरलेले व अनुभवी असे तृतीय वर्षाचे विद्यार्थीच निवडीत पुढे येतात, आणि जो संघ जिंकतो त्यात त्यांचा भरणा अधिक असतो. परिणामी ज्या संघाने वरची पायरी गाठली, तोच पुढील वर्षी सर्वांत जास्त रिकामा होतो.

ह्याची मोजदाद करण्यास एक सोपे माप सुचवावेसे वाटते. सामना ९० मिनिटांचा असेल, तर अकरा खेळाडू मिळून ९९० मिनिटे मैदानावर असतात. त्यांपैकी किती मिनिटे पुढील वर्षीही महाविद्यालयात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याची होती, हे पाहावे. पाच खेळाडू शेवटच्या वर्षाचे असून ते पूर्ण वेळ खेळले असतील, तर ४५० मिनिटे निघून जातात व ५४० उरतात. म्हणजे संघाचा केवळ ५५ टक्के अनुभव पुढील वर्षी शिल्लक राहतो. जिंकलेल्या ढालीपेक्षा हा आकडा संघाच्या भवितव्याविषयी अधिक सांगतो.

कोल्हापूरच्या फुटबॉलशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे तालमींचे व मंडळांचे संघ उतरतात. तेथील खेळाडू पेठेचा असतो, आणि पदवी हाती आली म्हणून कोणी पेठ सोडून जात नाही. त्यामुळे एका हंगामाची शिकवण त्याच माणसांच्या अंगी पुढील हंगामात उतरते. महाविद्यालयाला हे सुख नाही.

४. वर गेलेल्या संघांचा अनुभव

जे संघ विद्यार्थ्यांचे नाहीत, त्यांनाही वरच्या श्रेणीत स्थिरावणे सोपे जात नाही. मुंबई एफ.सी. ह्या संघाने २००८ साली दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून, त्या वेळी देशात सर्वोच्च असलेल्या आय-लीगमध्ये प्रवेश केला. पुढे अनेक वर्षे त्याने आपले स्थान राखले. परंतु २०१६-१७ च्या हंगामात तो तळाशी राहून खाली गेला. पुणे एफ.सी. हा संघ २००९ साली वर आला आणि पहिल्याच हंगामात, म्हणजे २००९-१० मध्ये, १४ संघांत तिसरा आला. गोव्याचा साळगावकर संघ त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतून परतला व २०१०-११ मध्ये विजेता ठरला. उलट मुंबईचा केंकरे संघ २०२१-२२ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०२२-२३ च्या अखेरीस त्याला खाली उतरावे लागले. तेव्हा वर जाणारा संघ टिकतोच किंवा पडतोच, असा कोणताही नियम ह्यांतून काढता येत नाही. एवढे मात्र दिसते की १४ संघांच्या दुहेरी साखळीत प्रत्येकास २६ सामने खेळावे लागतात, आणि तेथे अकरा उत्तम खेळाडूंपेक्षा वीस-बावीस बऱ्या खेळाडूंची गरज अधिक भासते.

महाविद्यालयाचा संघ वरच्या श्रेणीत जाण्याचा शब्दशः दाखला पाहावयाचा, तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. तेथील फुटबॉल हा निराळा खेळ आहे. तथापि व्यवस्थेचा प्रश्न तोच आहे. तेथे पहिल्या विभागातील महाविद्यालयीन फुटबॉलची १९७८ साली दोन श्रेणींत वाटणी झाली. वरच्या श्रेणीत जाणे हे सामन्यांच्या निकालावर ठरत नाही; संस्था स्वतः अर्ज करते, खर्चाची हमी देते आणि संक्रमणाचा काळ पाळते. व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ साली असे वर गेले. त्या वेळी खालच्या श्रेणीत फुटबॉलच्या ६३ व वरच्या श्रेणीत ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. संक्रमणकाळात मोसमोत्तर सामन्यांस सर्वसाधारणपणे बंदी असतानाही त्या संघाने २०२२ मध्ये ११ पैकी ८ व २०२३ मध्ये १३ पैकी ११ सामने जिंकले. २०२३ च्या शरदात वर जाण्याचे शुल्क ५ हजार डॉलरांवरून ५० लक्ष डॉलरांवर नेण्यात आले. हा पैशाचा व्यवहार अनुकरणीय आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यामागील तत्त्व मात्र लक्षात घेण्यासारखे आहे : विद्यार्थी बदलत राहणार हे गृहीत धरून, वर जाण्याची योग्यता त्या वर्षीच्या संघाऐवजी संस्थेच्या तयारीवरून ठरविली जाते.

५. आपल्या जिल्ह्याची शिडी

आता अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, जिल्ह्याकडे येऊ. येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या क्रीडाव्यवस्थेत पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर आणि नाशिक असे विभाग आहेत. प्रथम विभागातील महाविद्यालये परस्परांशी खेळतात. त्यांतून विभागाचा संघ निवडला जातो. विभागांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. तेथे वरचा क्रमांक मिळाल्यास अखिल भारतीय स्पर्धेची वाट मोकळी होते.

ह्या शिडीचे वैशिष्ट्य असे की तिच्या दुसऱ्या पायरीवर महाविद्यालयाचा संघ राहतच नाही. वर जातात ते निवडलेले खेळाडू. शिवाय येथे कायमचा वरचा गटच नाही. गेल्या वर्षीचा विजेता व पहिल्याच फेरीत हरलेला संघ पुढील वर्षी एकाच पायरीवरून सुरुवात करतात. त्यातही पद्धत बादची असल्यास १६ संघांत केवळ १५ सामने होतात, आणि त्यांपैकी ८ संघांचा हंगाम एका सामन्यात आटोपतो. १७,०४८ चौरस किलोमीटरांच्या, महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण अशा ह्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातील मुलांनी नगरला यावयाचे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास. एवढे अंतर तोडून आलेला संघ नव्वद मिनिटांत परतीच्या वाटेला लागला, तर तो काय शिकला असेल?

परिस्थितीचा आणखी एक भाग आहे. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. हिरवळीचे मैदान राखावयास पाणी लागते, आणि ज्या गावी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा आहे तेथे मैदानाला पाणी मागणे कठीण. मुरमाच्या कठीण जमिनीवर सराव केलेला संघ हिरवळीवर उतरला, म्हणजे चेंडूची उसळी व वेग ह्यांचा त्याचा सगळा अंदाज चुकतो. हा दोष खेळाडूंचा नव्हे.

परंतु ह्याच व्यवस्थेत एक अनुकूल गोष्टही दडलेली आहे. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयासारख्या संस्थांत पदव्युत्तर वर्ग आहेत. तेथे खेळाडू पदवीनंतर आणखी दोन वर्षे राहू शकतो. तालुक्याच्या लहान महाविद्यालयात ही सोय नसली, तरी अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात भरतात. त्या मुलांच्या स्पर्धा वेगळ्या, शालेय गटातील असतात हे खरे. पण सराव एकत्र करण्यास कोणाची आडकाठी नसावी. अकरावीत आलेला मुलगा अशा रीतीने पाच वर्षे एकाच मैदानावर घडू शकतो, आणि खेळाडूंची दरवर्षीची गळती तिसऱ्या हिश्शाची असली, तरी त्यांची जागा घेणारे तयार असतात.

६. एक सूचना आणि निष्कर्ष

जिल्ह्यात वरचा व खालचा असे दोन गट करून साखळी सामने खेळविणे शक्य आहे काय, ह्याचा विचार व्हावा. बारा संघांची बाद स्पर्धा ११ सामन्यांत संपते. तेच बारा संघ सहा-सहांच्या दोन गटांत खेळले, तर प्रत्येक गटात १५ असे एकूण ३० सामने होतील. खर्च वाढेल, पण प्रत्येक संघास पाच सामन्यांची निश्चिती मिळेल. लांबच्या संघांसाठी दोन-दोन सामने लागोपाठच्या दिवशी एका केंद्रावर ठेवल्यास प्रवासाचा बोजाही आवाक्यात राहील.

मात्र अशी व्यवस्था झाल्यास एक पथ्य पाळले पाहिजे. वर चढलेल्या संघास पहिल्याच वर्षी खाली ढकलू नये. त्यास दोन हंगामांची मुदत द्यावी. वर सांगितल्याप्रमाणे पहिल्या हंगामात उतरणारा संघ हा मुळी नवाच असतो, आणि आपण न मिळविलेल्या यशाचा भार त्याच्या शिरावर असतो.

संघाच्या भवितव्याचा अंदाज करताना तीन प्रश्न विचारावेत. गेल्या हंगामात किती मिनिटे मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी खेळून काढली? त्यांच्यामागे त्याच मैदानावर कोण तयार होत आहे? आणि संघाला वर्षाकाठी किती सामने मिळतात? ह्या तिहींची उत्तरे समाधानकारक असतील, तर एखाद्या वर्षीच्या पराभवाने खचून जाण्याचे कारण नाही. ती तशी नसतील, तर एखाद्या वर्षीच्या विजयाने हुरळून जाण्यात अर्थ नाही. विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातो. मैदान, मार्गदर्शक आणि खालच्या वर्गातील मुले मागे राहतात. संघ वरच्या गटात टिकतो तो ह्या तिघांच्या बळावर, आणि जिमखान्याच्या अहवालात ढालीच्या उल्लेखाशेजारी ह्यांचीही नोंद होऊ लागली, तर पुढील वर्षीच्या संघास अधिक न्याय मिळेल.