वाघाची वाट कोण राखतो?

पुलगावहून मुंबईकडे निघालेली आगगाडी वर्धा नदी ओलांडते आणि अमरावती जिल्ह्यात शिरते. तिथे धामणगाव तालुका लागतो. दोन्ही काठांना कपाशीची आणि तुरीची शेते! इथे वाघ येईल असे तुम्हाला वाटते का? पण २०१८ च्या ऑक्टोबरात चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण नर वाघ या तालुक्यात आला. त्याच्या हल्ल्यात दोन माणसे दगावली. डिसेंबरात तो थेट मध्य प्रदेशात, सारणी येथे पकडला गेला.

तो एवढा का भटकला? सुमारे दोन वर्षांचा झाला की वाघाचा बछडा आईला सोडतो व स्वतःचा मुलूख शोधू लागतो. मोठे नर त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. मग शेते, नद्या आणि रस्ते ओलांडून त्याला दुसरे जंगल गाठावे लागते.

वर्धा जिल्ह्यातील बोर हे असेच एक जंगल. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरांचा. त्यात थोडेच वाघ मावणार! पण पेंच, ताडोबा आणि मेळघाट या मोठ्या जंगलांच्या मधोमध असल्याने त्याचे मोल मोठे आहे.

ही जंगले कोण सांभाळते? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीला बंदी घातली. १९७३ मध्ये केंद्र सरकारने व्याघ्र प्रकल्प सुरू केला. आज राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण त्यावर देखरेख ठेवते. राज्याचे वनखाते पहारा देते, पाणवठे राखते आणि वाघाने गुरे मारल्यास शेतकऱ्याला भरपाई देते. दर चार वर्षांनी देशभर गणना होते. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रांवरून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ वाघ ओळखतात.

पण जंगल राखले आणि वाट तुटली, तर? म्हणून रस्ते बांधणाऱ्या खात्यांचाही यात वाटा आहे. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचजवळ रस्ता उंच खांबांवर नेला आहे. वर मोटारी धावतात आणि खालून जनावरे जातात. तेथील कॅमेऱ्यांनी वाघही टिपले आहेत! अशी सोय नसेल तर वाघ गाडीखाली सापडतो किंवा गावात शिरतो. मग वाघ आणि माणूस, दोघांचेही नुकसान होते.

आता विदर्भाचा नकाशा उघडा. ही चार जंगले पेन्सिलीने जोडा. तुमच्या रेषा किती रस्ते आणि लोहमार्ग ओलांडतात? मोजा बरे!