बर्नार्डच्या ताऱ्याचा ‘रिझल्ट’

प्रोजेक्टचं रीडिंग मनासारखं आलं की लगेच स्टेटस टाकावंसं वाटतं ना? थांबा, आधी बर्नार्डच्या ताऱ्याची गोष्ट ऐका. हा लाल बटुतारा आपल्यापासून फक्त ६ प्रकाशवर्षांवर आहे. तो डुलतोय, म्हणजे त्याला ग्रह आहे, असं पीटर व्हॅन दे काम्प यांनी १९६३मध्ये जाहीर केलं. पुढे कळलं, तारा डुलत नव्हताच; दुर्बिणीच्या भिंगात केलेल्या फेरफारामुळे तसं दिसत होतं! २०१८चा दावाही टिकला नाही. अखेर २०२४मध्ये चिलीतल्या दुर्बिणीने एक ग्रह पकडला आणि २०२५मध्ये हवाईतल्या दुर्बिणीच्या मदतीने आकडा चारवर गेला. चौघंही पृथ्वीहून हलके आणि राहायला भलतेच गरम. तेव्हा आनंद जरूर करा, पण आधी भिंग तपासा!