पाटी नव्हे, अट वाचा : मुस्लिम घरातल्या पैशांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुस्लिम कामगाराचे अर्धे प्रश्न त्याच्या पगाराच्या स्लिपवरच असतात. पीएफ कापला जातो आणि त्यावर व्याज मिळतं. ईएसआय कापला जातो, म्हणजे विमा आला. पगार ज्या खात्यात येतो तिथे बँक न मागता व्याज जमा करते. घरी आलं की गल्लीतली भिशी, हप्त्यावरची दुचाकी आणि मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारं ॲप. शुक्रवारच्या नमाजनंतर विषय निघाला तर एक जण म्हणतो, सगळंच हराम. दुसरा म्हणतो, आजकाल सगळंच चालतं. दोघांनीही व्यवहाराची अट वाचलेली नसते.

मूळ नियम थोडके आहेत. कुराणाने व्यापार वैध आणि रिबा निषिद्ध ठरवला आहे (सूरह बकरा, आयत २७५). उसन्या दिलेल्या पैशांवर आधीच ठरवून घेतलेली वाढ म्हणजे रिबा, त्यालाच बोलीत सूद म्हणतात. त्याशिवाय जुगार नको, आणि काय विकतो-घेतो आहोत हेच कळू नये असा संदिग्ध सौदा नको. नफा हवा असेल तर तोट्याची जबाबदारीही उचला, हे त्यामागचं सूत्र. पुढचे बहुतेक गैरसमज या सूत्राकडे पाठ फिरवल्यामुळे होतात.

गैरसमज १ : भारतात इस्लामी बँक नाही, म्हणून नियम पाळणं अशक्य आहे.

वस्तुस्थिती : बँक नाही हे खरं. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याची सगळी रचना व्याजावर उभी आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असं सुचवलं होतं; २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. आपल्याच राज्यात, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी व्यवहारांची स्वतंत्र खिडकी उघडली होती. दुसरीकडे पुण्यातली जुनी मुस्लिम को-ऑपरेटिव्ह बँक नावाने मुस्लिम असली तरी कोणत्याही नागरी सहकारी बँकेसारखीच व्याजाच्या चौकटीत चालते. म्हणजे पाटीवरच्या नावाचा इथे काही उपयोग नाही.

पण नियम पाळायला बँकच मुस्लिम असावी लागत नाही. पगाराचं खातं ठेवणं ही गरज आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. त्यात जमा झालेल्या व्याजाबद्दल भारतातल्या बहुतेक मुफ्तींचं म्हणणं असं की ते बँकेत सोडून देऊ नये. काढून घ्यावं आणि पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला द्यावं. ही रक्कम जकातीत मोजायची नाही. जकात आपल्या हक्काच्या पैशांतून जाते.

गैरसमज २ : पीएफवर व्याज मिळतं, म्हणून पीएफ हराम.

वस्तुस्थिती : हा प्रश्न आपल्या पट्ट्यात सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर बरंच आधी दिलं गेलं आहे. देवबंदी परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्यांचा युक्तिवाद असा : सक्तीने कापलेली रक्कम कामगाराच्या हाती आलेलीच नसते. जी रक्कम त्याच्या मालकीत आली नाही, ती त्याने कुणाला उसनी दिली असं म्हणता येत नाही. त्यामुळे तिच्यावर मिळणारी वाढ, तिला कागदावर व्याज म्हटलेलं असलं तरी, रिबा ठरत नाही. ती नोकरीच्या मोबदल्याचाच भाग होते.

कायद्याने कामगाराच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के जातात, मालकही १२ टक्के घालतो आणि मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, पेन्शनकडे वळतात. हे सगळं सक्तीचं. आपणहून जास्त कापून घ्यायची सोय, म्हणजे व्हीपीएफ, मात्र स्वतःच्या मर्जीची असते. तिथे वरचा युक्तिवाद लागू होत नाही आणि बरेच उलेमा ती टाळायला सांगतात. दोन्ही कपाती स्लिपवर सहसा वेगळ्या ओळीत दिसतात. आपली कोणती, ते पाहून घ्यावं. हनफी या फिकही पंथाच्या मताप्रमाणे सक्तीच्या पीएफवर जकात पैसे हाती आल्यानंतरच लागते, मागच्या वर्षांची नाही.

ईएसआय आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा यांचंही असंच. दोन्ही कायद्याने सक्तीचे आहेत, त्यामुळे त्यांच्यापुरती सवलत बहुतेक सगळे मान्य करतात. मतभेद आहेत ते आपण स्वतः निवडून घेतलेल्या जीवन विम्याबद्दल.

गैरसमज ३ : हप्ता आला की व्याज आलं. आणि उलट बाजूने : 'झिरो टक्के' लिहिलं की हलाल झालं.

वस्तुस्थिती : दोन्ही चुकीचं. दुकानदाराने स्वतःची वस्तू रोखीने ५० हजारांना आणि वर्षभराच्या हप्त्यांवर ५५ हजारांना विकायची म्हटली, ग्राहकाने त्यातली एक किंमत सौद्याच्या वेळीच पक्की केली, तर बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे इस्लामी विधिज्ञांच्या मते ही विक्री आहे, कर्ज नव्हे. मात्र हप्ता चुकला म्हणून किंमत वाढवायची अट आली की सौदा बिघडला.

आपल्याकडे शोरूममध्ये सहसा असं होत नाही. विकतो शोरूम आणि पैसे देते फायनान्स कंपनी. म्हणजे ते कर्जच असतं. 'झिरो टक्के' योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की असं काही नसतं, व्याज प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं. म्हणून कागदावर दोन गोष्टी शोधाव्यात : विकणारा कोण, आणि उशीर झाल्यावर काय लागतं.

मोशी-चिखलीकडे फ्लॅट घेणाऱ्यांसाठीही हे महत्त्वाचं. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे बिल्डरला थेट पैसे देत जाणं हा व्याजाचा व्यवहार नाही. फक्त प्रकल्प महारेरावर नोंदलेला आहे का, हे आधी बघावं.

गैरसमज ४ : भिशी म्हणजे जुगार.

वस्तुस्थिती : बारा जणांनी महिन्याला ५ हजार टाकले, ६० हजार दर महिन्याला एकाला मिळाले, बाराव्या महिन्याअखेर प्रत्येकाने जेवढे टाकले तेवढेच उचलले. चिठ्ठी फक्त क्रम ठरवते. कुणी कमावत नाही, कुणी गमावत नाही. हे आपसातलं बिनव्याजी उसनं झालं, आणि बहुतेक उलेमांना ते मान्य आहे.

गडबड लिलावाच्या भिशीत आहे. ज्याला घाई आहे तो ६० ऐवजी ५२ हजारांवर समाधान मानतो आणि उरलेले ८ हजार इतर वाटून घेतात. ती गरजवंताच्या खिशातून काढलेली वाढ आहे. शिवाय धंदा म्हणून अशी चिठ्ठी चालवायला १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी लागते, हा वेगळा भाग.

साध्या भिशीतही माणूस पळून जाण्याचा धोका असतो. कुराणातली सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या हेच सांगते. तरी 'भावाभावांत कसलं लिहायचं' म्हणून वही कोरी राहते.

गैरसमज ५ : 'हलाल' योजना आहे, म्हणजे पैसे सुरक्षित.

वस्तुस्थिती : या एका समजुतीने जेवढी घरं बुडवली तेवढी व्याजानेही नसतील. हिरा गोल्ड या कंपनीने सोन्याच्या व्यापाराच्या नावाने वर्षाला ३६ टक्क्यांच्या आसपास परतावा सांगितला. २०१८ मध्ये तिच्या प्रमुखाला अटक झाली. बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी, म्हणजे आयएमए, जून २०१९ मध्ये कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. दोन्हीकडे धर्माच्या नावाचा पुरेपूर वापर झाला होता.

खरं तर शरियतच्या नियमांनीच अशा योजना पकडता येतात. व्यापारातल्या भागीदारीत नफ्याचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम नाही. महिना संपला की तीन टक्के ठरलेलेच, असं कुणी म्हणालं तर एक तर ते व्याज आहे किंवा थाप. मग रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर कंपनी शोधावी. फसवणूक झालीच तर १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा आणि २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा हाताशी आहेत. लाजेपोटी तक्रार टाळू नये.

गैरसमज ६ : शेअर बाजार म्हणजे सट्टा.

वस्तुस्थिती : शेअर म्हणजे कंपनीतली मालकी, नफ्यातोट्यासकट. त्यामुळे तो मुळात निषिद्ध नाही. चाळणी लावावी लागते : बँका, दारू, तंबाखू, जुगार, डुकराचं मांस अशा धंद्यातल्या आणि कर्जाचं प्रमाण फार असलेल्या कंपन्या वगळल्या जातात. ही चाळणी लावलेला निफ्टी ५० शरिया निर्देशांक आहे. टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड आणि निफ्टी ५० शरिया बीईएस हे त्याच धर्तीचे पर्याय. कंपनीच्या उत्पन्नात व्याजाचा छोटा वाटा येतोच. तेवढा हिशेब करून दान करतात. या फंडांतही बाजार पडला की पैसे कमी होतात, हे मात्र धरूनच चालावं.

फ्युचर्स-ऑप्शन्सला बहुतेक उलेमा मनाई करतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत या प्रकारात व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले होते. नाइट शिफ्टनंतर मोबाइलवर ऑप्शन्स खेळणाऱ्या पोरांना हा आकडा सांगायला हवा.

गैरसमज ७ : जकात म्हणजे पगाराचे अडीच टक्के.

वस्तुस्थिती : जकात पगारावर नाही, साठलेल्या मालमत्तेवर आहे. निसाब, म्हणजे साडेसात तोळे (८७.४८ ग्रॅम) सोनं किंवा साडेबावन्न तोळे (६१२.३६ ग्रॅम) चांदी किंवा तेवढ्या किमतीची रोकड-माल, आपल्याकडे असावा आणि चांद्र वर्ष उलटावं. राहतं घर, वापरातली गाडी, वर्कशॉपची मशीन यांवर जकात नाही. भंगाराचा धंदा करणाऱ्याने मात्र विक्रीचा माल आजच्या भावाने मोजायचा आणि देणी वजा करायची. हिशेब ३ लाखांवर आला तर जकात ७,५०० रुपये.

दागिन्यांवर मतभेद आहे. हनफींकडे अंगावरचं सोनंही मोजलं जातं. कोकणी मुस्लिम बहुधा शाफई पंथाचे असतात, आणि त्यांच्या प्रचलित मतात नेहमी वापरातले दागिने सुटतात. त्यामुळे भोसरीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांचा हिशेब वेगळा निघाला तरी दोन्ही बरोबर असू शकतात. आईवडील आणि मुलांना जकात देता येत नाही; गरजू भावाला देता येते. कुराणाने सांगितलेल्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. सावकाराच्या फासात अडकलेल्या शेजाऱ्यासाठी ती तरतूदच आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, हेही त्याला सांगावं.

गैरसमज ८ : नॉमिनी लावला की वारशाचं काम झालं.

वस्तुस्थिती : 'कालनिर्णय'कर्ते जयंत साळगावकर यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी अशा मालमत्तेचा मालक होत नाही, ती कायदेशीर वारसांचीच राहते. बँक ठेवींतही तेच. मुस्लिमांचे वारस १९३७ च्या शरियत कायद्याप्रमाणे ठरतात. आधी अंत्यविधीचा खर्च, मग कर्जं, आणि न दिलेला मेहेर हे पत्नीचं येणं म्हणून त्यातच येतं. मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच देता येतो, तोही वारसांना सोडून इतरांना. उरलेल्यात पत्नीला, मुलं असतील तर, आठवा हिस्सा. मुलीला मुलाच्या निम्मा. 'लग्नात दिलं ना' म्हणून बहिणीचा हिस्सा गिळायला ना शरियत परवानगी देते, ना कायदा.

कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : तोटा झाला तर कोणाचा, अटी लिखित आहेत का, आणि पैसे घेणारी संस्था कुणाकडे नोंदलेली आहे. पहिल्या दोन प्रश्नांत मुफ्ती साहेबांचा सल्ला नक्की घ्यावा. व्यवहार वैध आहे की नाही ते सांगतील. कंपनी उद्या दार लावून पळणार नाही याची हमी ते देऊ शकत नाहीत. नोंदणी तपासायची ती आपणच.